सुटीची सावली

माझा धंदा लग्नाच्या फोटोंचा. सिंदी मेघेत रस्त्याला लागून छोटा स्टुडिओ आहे. साखरपुडा, हळद, लग्न, बारसं असं सगळं काढतो आणि लग्नसराई संपली की पासपोर्ट साइझवर दिवस काढतो. डोंगर, नद्या, पक्षी यांचे फोटो काढणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, पण टेकडी कधी अल्बमची ऑर्डर देत नाही, हेही मला माहीत आहे. तरी पावणेतीन-तीन वर्षं मी एका टेकडीचे फोटो काढले. दर महिन्याला एकदा, त्याच जागेवरून, तीच चौकट.

हे काम एका लग्नातूनच आलं. नवरीचे भाऊजी रस्त्याच्या ठेकेदाराकडे इंजिनिअर होते. लग्नात मी मांडव बांधण्यापासून मांडव सोडण्यापर्यंतचे फोटो एकाच कोपऱ्यातून काढले होते, ते त्यांना आवडले. म्हणाले, "आमच्या एका टेकडीचंही असंच करून द्याल का?" रोहण्याच्या पुढे मोठ्या रस्त्याचं काम सुरू झालं होतं आणि भरावासाठी लागणारा मुरूम जवळच्याच एका टेकडीतून काढायचा होता. टेकडी किती उतरली, किती राहिली, हे वरच्या ऑफिसला महिन्याच्या महिन्याला फोटोतून दाखवायचं होतं. अटी तीनच. जागा बदलायची नाही, फ्रेममध्ये माणसं नकोत, गाड्या नकोत.

मी लगेच हो म्हणालो. त्यात माझा स्वार्थ होता. त्या टेकडीच्या पायथ्याशी जे गाव आहे तिथे माझी मोठी बहीण दिली आहे. ताई माझ्याहून बरीच मोठी. मला अंघोळ घालणं, शाळेत ओढत नेणं आणि नंतर चोपणं, ही सगळी कामं आमच्या घरी तिच्याकडे होती. दिवाळी-राखीशिवाय तिच्याकडे जाणं होत नसे. आता महिन्यातून एकदा कामाच्या नावाखाली तिच्या हातची भाकर मिळणार होती.

फोटोसाठी मी टेकडीच्या पूर्वेकडची एक जागा निवडली. तिथे एका वावराचा धुरा आहे, म्हणजे बांध, आणि धुऱ्याच्या टोकाला हद्दीचा अर्धा पुरलेला दगड. त्या दगडाशी तिपाई लावली की समोर पूर्ण टेकडी बसायची. माथ्यावर चार-दोन पळसाची झाडं, उतारावर सागाची रोपं, खाली वावरं. सकाळी उजेड छान समोरून पडतो, पण तेव्हा पोकलेन आणि टिप्पर टेकडीवर फिरत असत आणि धूळ अशी की टेकडी आहे की नाही, तेच कळू नये. पाच वाजता मशिनी थांबायच्या. तेव्हा धूळ बसायची, पण सूर्य सरळ लेन्समध्ये यायचा. मग सूर्य टेकडीच्या मागे जाईपर्यंत वाट पाहण्याशिवाय इलाज नव्हता. तो मागे गेला की चमक जायची, सगळ्या टेकडीवर एकसारखा उजेड राहायचा आणि कापलेल्या पायऱ्या स्वच्छ दिसायच्या. मी बटण दाबायचो आणि तिपाई मिटायचो.

मी तिपाई मिटायला आणि वावरातल्या बायांची सुटी व्हायला एकच गाठ पडायची. पहिल्या वेळी मला तो योगायोग वाटला. ताईने सांगितलं, "योगायोग कायचा बाबू? तू सावलीची वाट पाहून राह्यला, आम्हीही सावलीचीच वाट पाहतो."

त्या गावाची ती रीत आहे. निंदणाला, म्हणजे पिकातलं तण काढायला, गेलेल्या बायांची सुटी घड्याळावर होत नाही. टेकडीची सावली वावरातून सरकत सरकत धुऱ्यापर्यंत आली की सुटी. टेकडीच्या पायथ्याशी चार-पाच शेतकऱ्यांची वावरं एका रांगेत आहेत आणि धुराही सगळ्यांचा एका रेषेत आहे, म्हणून कोणाच्याही वावरात काम असलं तरी नियम एकच. पूर्वी म्हणे घड्याळावरून रोज भांडणं व्हायची. मालकाचं घड्याळ मागे असायचं, बायांचं पुढे. तेव्हा कोणा जुन्या माणसाने सावली ठरवून दिली. "सावलीले कोणी चावी देऊ शकत नाई," ताई म्हणाली. फक्त आभाळ असलं की सावलीच पडत नाही, म्हणून त्या दिवसापुरतं मालकाचं घड्याळ धरायचं. साडेपाच झाले की मालक मोटरसायकलचा हॉर्न वाजवायचा.

मी विचारलं, आता तर प्रत्येकीकडे मोबाईल आहे. ताईने डब्याच्या पिशव्या टांगलेल्या झाडाकडे बोट दाखवलं. सगळे मोबाईल तिथे. चिखलाच्या हातांनी कोण काढणार आणि काढून पाहिलं तरी त्यातला टाइम वावरात चालत नाही, असं तिचं म्हणणं पडलं. मला ते आवडलं. मी आयुष्यभर उजेडावर धंदा केला आहे, त्यामुळे उजेडावर चालणारी माणसं मला आपली वाटतात.

या बायांच्या टोळीची ताई पुढारी. तसं नाव किंवा पद काही नाही. पण कोणाला निंदणासाठी बाया सांगायच्या असल्या की तो संध्याकाळी ताईच्या अंगणात येतो. उद्या कोणाच्या वावरात जायचं, कोणी यायचं, कोणाच्या घरी बाळंतपण आहे म्हणून तिला सूट द्यायची, हे ती ठरवते. टोळीत कुणबी आहेत, तेली आहेत, टेकडीकडच्या टोल्यावरच्या, म्हणजे पाड्यावरच्या, गोंड बायाही आहेत. त्या दुपारी जेवताना आपल्या भाषेत बोलतात आणि ताईला त्यातलं शिव्यांपुरतं कळतं. निंदताना प्रत्येकीच्या वाट्याला काही ओळी येतात, त्याला पात म्हणतात. ताईची पात सगळ्यांच्या आधी निघायची. ती पुढे आणि बाकीच्या तिला गाठायला मागे, असं ते चित्र होतं. पुढारीपण तिला मिळालं होतं ते या पुढे राहण्यामुळेच.

पहिलं वर्ष टेकडीला फारसं काही झालेलं दिसलं नाही. तिला पाठीकडून खात होते. गावातून पाहिलं तर टेकडी जशीच्या तशी. माझ्या फोटोंत मात्र एका बाजूची कड थोडी थोडी आत जाताना दिसायची. त्या वर्षीच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी मी तिकडे होतो. फोटो काढला, बाया सुटल्या, आम्ही सगळे मिळून गावात आलो. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना हळद आणि लोणी चोळतात आणि बैलाला आवतन देतात. ताईच्या नवऱ्याने, म्हणजे आमच्या भाऊजींनी, बैलाच्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." बैलाने कान हलवला. त्या क्षणाचा माझा एक फोटो फार छान आला. भाऊजींचा हात, हळदीने पिवळा झालेला खांदा, मागे उघड्या दारातली ताई. तो फोटो मोठा करून मी स्टुडिओत लावला आहे.

दुसऱ्या वर्षी टेकडीचा माथा उतरवायला घेतला. आधी पळसाची झाडं गेली. मग माथ्याची गोलाई गेली आणि वरून सपाट झाली. वरचा काळा पातळ थर, खाली पिवळा-लाल मुरूम, त्याखाली राखाडी दगड, असं सगळं उघडं पडलं. खरं सांगायचं तर ते फोटो सुंदर येत होते. ताज्या कापलेल्या मुरमाला सावलीत एक फिकट गुलाबी रंग येतो, तो मी आजवर कोणत्याही नवरीच्या शालूत पाहिला नाही. मी ते सगळे फोटो कॉम्प्युटरवर एकामागून एक भराभर फिरवायचो. टेकडी हळूहळू खाली बसायची. स्टुडिओत आलेल्या लोकांना ते दाखवायचो. लोक म्हणायचे, अरे वा. कोणी म्हणायचं, अरेरे. मी दोन्हीला मान डोलवायचो. रस्ता हवा होताच, माझीच गाडी त्यावरून जाणार होती. टेकडी जात होती त्याचं वाईटही वाटायचं. त्यापलीकडे मी काही विचार केला नव्हता.

त्याच वर्षी ताई थकली.

आषाढात गेलो तेव्हा पहिल्यांदा दिसलं. सगळ्या बाया धुऱ्यावर येऊन पाय धूत होत्या आणि ताई अजून पातीत बसलेली. एक हात कंबरेवर ठेवून उठली, चार ओळी निंदल्या, पुन्हा बसली. घरी गेल्यावर तिने पाय पसरले आणि गुडघे दाबत म्हणाली, "संध्याकाळ झाली की अंगात जीव नाई राहत. दुपारी चांगली राहते मी. शेवटी शेवटी काय होते, समजत नाई."

मी तिला वर्ध्याला आणलं, मोठ्या दवाखान्यात दाखवलं. रक्त तपासलं, गुडघ्यांचे फोटो काढले. डॉक्टर भले होते. म्हणाले, वयाच्या मानाने सगळं ठीक आहे, थोडी झीज आहे, जरा कमी वाकत जा. ताईने त्यांना एक विचित्र गोष्ट सांगितली, "डॉक्टरसाहेब, आभाळ असलं ना, की माये पाय दुखत नाई. ऊन असलं की दुखतात." डॉक्टर हसले. म्हणाले, मावशी, सगळ्या जगाचे सांधे आभाळात दुखतात, तुमचेच कसे उन्हात दुखतात? ताईलाही हसू आलं. मी घरी येऊन बायकोला सांगितलं, तीही हसली. त्यानंतर कितीतरी दिवस आमच्याकडे आभाळ आलं की कोणीतरी म्हणायचं, आज ताईचे पाय बरे असतील.

ताईने मात्र ठरवून टाकलं. पोळा झाला की टोळी सोडायची. शेवटी निघणारी बाई पुढारी कशी राहील, असं तिचं सरळ गणित होतं. कोणी तिला म्हटलं नव्हतं, पण बाया मागे बोलतात हे तिला कळत होतं. एका तरुण सुनेचं आणि तिचं तर तोंडावरच भांडण झालं होतं. ती पोरगी नव्याने गावात लग्न होऊन आलेली. ती झाडाखालचा मोबाईल काढून पाहायची आणि म्हणायची, सहा वाजून गेले, आता काऊन थांबून राह्यलो? ताईने तिला झापलं, "सावली धुऱ्यावर आली का? नाई ना? मग बस. इथं मोबाईलचा टाइम नाई चालत." दोन-तीनदा असं झालं आणि ती पोरगी यायची बंद झाली. ताई तिला कामचोर म्हणायची. स्वतःला थकलेली म्हणायची.

मला ताईचं टोळी सोडणं अजिबात रुचलं नव्हतं. घरी बसलेली ताई मी कधी पाहिलीच नाही. "घरी बसून काय करशील?" मी विचारलं. "काय करीन? दोन शेळ्या हायेत, त्यायच्या मागं फिरीन," ती म्हणाली आणि मग थोड्या वेळाने, "घरी बसली का मी संपलीच समज." ती हे रडत म्हणाली नाही. उद्या कोणती भाजी करायची हे सांगावं तसं म्हणाली, म्हणून मला जास्त लागलं. रस्त्याने परत येताना मी स्वतःशीच चिडलो होतो. तिचं वय काही शेळ्यांच्या मागे फिरण्याचं नव्हतं.

पोळ्याचा आदला दिवस आला. मी मुद्दाम त्याच दिवशी फोटोला गेलो, कारण दुसऱ्या दिवशी ताई बायांना सांगणार होती आणि त्याआधी एकदा समजूत घालून पाहावी, असं मनात होतं. टेकडी तेव्हा निम्म्याहून कमी राहिली होती. मी तिपाई लावून सूर्य मागे जायची वाट पाहत बसलो. बसून कंटाळा आला. मच्छर चावायला लागले. शेवटी सूर्य गेला, सावली आली, फोटो निघाला, बाया सुटल्या. ताई सगळ्यांच्या मागून आली.

घरी पोहोचलो तर भाऊजी हळद-लोण्याची वाटी घेऊन आमची वाट पाहत होते. अंगणातला दिवा लावलेला. मला गेल्या वर्षीसारखाच फोटो हवा होता, तोच हात, तोच खांदा. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि खाली घेतला. उजेड नव्हता. फ्लॅश काढावा लागला. फ्लॅश पडला तसा बैल बिथरला आणि भाऊजींच्या हातातली वाटी सांडली.

"गेल्या सालीही हाच कॅमेरा होता ना?" भाऊजी वैतागून म्हणाले.

"हाच होता. पण गेल्या साली फ्लॅश लागला नव्हता."

"यंदा पोळा आधी आला, म्हणून असन."

मीही आधी हो म्हणालो आणि मग वाटी पुसता पुसता थांबलो. पोळा आधी आला म्हणजे दिवस मोठा. मग उजेड जास्त हवा, कमी नको. गेल्या वर्षी याच बैलाच्या खांद्यावर चांगला संध्याकाळचा उजेड होता आणि भाऊजींनी आवतन दिलं तेव्हा पक्षी अजून झाडावर यायचे होते. आज दिवा लागला होता. म्हणजे दिवस लहान झाला नव्हता. आम्हीच उशिरा आलो होतो.

मी ताईला विचारलं, आज वावरात काही जास्त काम होतं का. ती ओट्यावर बसून गुडघे दाबत होती. "नाई. रोजच्यासारखंच. सावली आली तशी निघालो."

मग मी ते मोठ्याने बोललो. बोलत असतानाच ते मला कळत होतं, त्यामुळे नीट वाक्यं येत नव्हती. टेकडी उंच होती तोवर सूर्य तिच्यामागे लवकर जायचा. टेकडी उतरली तसा सूर्य वर राहिला. सावली उशिरा येऊ लागली. रोज जराशी उशिरा, म्हणून कोणाला दिसलं नाही. बाया सावलीवर सुटतात. म्हणजे टेकडी जितकी खाली गेली, तितका बायांचा दिवस लांबला.

भाऊजी वाटी हातात धरून उभे राहिले. ताईचे गुडघ्यांवरचे हात थांबले. मग तिने सावकाश विचारलं, "किती?"

"आता तर पाऊण घंटा असन. जास्तच असन."

"रोजचा?"

"रोजचा."

मला वाटलं तिला राग येईल, रडू येईल. ती म्हणाली, "आभाळ असलं की मालक साडेपाचले हॉर्न वाजवते."

मी तिच्याकडे पाहत राहिलो. आमच्या घरी आषाढापासून चाललेला विनोद तिने एका वाक्यात सोडवला होता. आभाळाच्या दिवशी तिचे पाय दुखत नव्हते, कारण आभाळाच्या दिवशी ती वेळेवर घरी येत होती.

"म्हणजे मी म्हातारी नाई झाली," ती म्हणाली. हा प्रश्न नव्हता, ती स्वतःला सांगत होती. मग माझ्याकडे वळली आणि आवाज चढवला. "तू तं दर महिन्याले त्या टेकडीचे फोटो काढून राह्यला. तुले दिसलं नाई?"

"तुम्ही तं रोज तिच्याखाली बसता. तुम्हाले दिसलं?"

"मी खाली मान घालून निंदत होती. तू तं मान वर करून पाहत होता."

तिचं बरोबर होतं. पण खरं सांगतो, त्या वेळी मला लाज वगैरे वाटली नाही. मला फक्त आनंद झाला होता, इतका की मी बैलाच्या सांडलेल्या लोण्यात पाय टाकला. भाऊजींनी पुन्हा वाटी भरली आणि या वेळी फ्लॅशशिवाय, दिव्याच्या उजेडात, आवतन दिलं गेलं.

दुसऱ्या दिवशी पोळा. ताईने पुरणपोळ्या केल्या, बैलांना भरवल्या आणि एका ताटात चार पोळ्या घालून, वर पदर झाकून, त्या तरुण सुनेच्या घरी गेली. काय बोलली ते तिने सांगितलं नाही. परत आली तेव्हा ताट रिकामं होतं आणि ती पोरगी सोबत आली होती. आमच्या ओट्यावर बसून दोघींनी चहा घेतला. टोळी सोडण्याची गोष्ट त्या दिवशी निघालीच नाही, नंतरही कधी निघाली नाही.

पण ज्याच्या वावरात तेव्हा निंदण चालू होतं आणि ज्याचं बाकीचे शेतकरी ऐकत, त्या मालकाशी बोलणं सोपं गेलं नाही. पोळ्यानंतर पहिल्याच दिवशी ताईने त्याला सगळं सांगितलं. तो तसा वाईट माणूस नव्हे. ऐकून घेतलं, टेकडीकडे पाहिलं, डोकं खाजवलं. मग म्हणाला, "ठरलं ते ठरलं. सावली धुऱ्यावर आली की सुटी. धुरा आहे तिथंच आहे. टेकडी काय मी खाल्ली?" त्याला आधी कळलं होतं की नव्हतं, हे मी आजही सांगू शकत नाही. ताई म्हणाली, मग घड्याळ धरा. तो म्हणाला, घड्याळाचं लफडं नको, पुन्हा रोजची भांडणं. आणि गंमत म्हणजे हे ताईलाही पटलं. घड्याळावर तिचा विश्वास नव्हताच.

म्हणजे आता दुसरी सावली शोधायची होती. झाड म्हणावं तर ते वाढतं आणि बाभळीला काय, कोणीही तोडतं. खांब रोवावा तर तो कोणीही हलवेल. दोन-तीन दिवस ताई याच विचारात होती. मग एका उन्हाच्या दिवशी तिने टोळीत परत आलेल्या त्या पोरीला मोबाईल काढायला लावला. साडेपाच झाल्याबरोबर ती धुऱ्यापासून थोडी पुढे, वावरात, सूर्याकडे पाठ करून उभी राहिली. तिची सावली समोर धुऱ्याकडे पडली. ती मागेपुढे सरकली आणि तिच्या सावलीचं डोकं बरोबर हद्दीच्या दगडावर आलं तिथे थांबली. पायाखाली एक चपटा दगड पुरून घेतला. मालकाला बोलावलं आणि सांगितलं, "तुमची गोष्ट मान्य. सावली धुऱ्यावर आली की सुटी. फक्त टेकडीची नाई, मायी."

मालकाने तिला वरून खालपर्यंत पाहिलं. "अन् तू मेली तं?"

"तं दुसरी उभी राहीन. पण मी अजून मेली नाई."

मालक हसला. त्याला हसू आलं म्हणजे सौदा झाला, हे गावात सगळ्यांना कळतं. ही सगळी हकिकत मला त्या पोरीने सांगितली, ताईची नक्कल करून, तिच्यासमोरच.

या वर्षी निंदण लागलं तोवर टेकडी पूर्ण गेली होती. मशिनीही गेल्या. इंजिनिअरचा फोन आला, की शेवटचा फोटो काढून द्या, जागा तीच, वेळ तीच, म्हणजे पहिला आणि शेवटचा शेजारी शेजारी लावता येईल. मी गेलो. दगडाशी तिपाई लावली आणि समोर पाहिलं. तिथे काहीच नव्हतं. पार पलीकडच्या गावाचं पाण्याचं टाकं दिसत होतं, जे मी आधी कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त वाईट वाटलं. पावणेतीन वर्षं एखाद्या माणसाचे फोटो काढावेत आणि शेवटच्या फोटोला तो येऊच नये, तसं झालं.

आणि सूर्य लेन्समध्ये. तो मागे जाणार कशाच्या? मी हाताने आडोसा केला, टोपीने केला, काही जमेना. थांबायचं तर सूर्य मावळेपर्यंत थांबावं लागलं असतं आणि मग टेकडीची रिकामी जागासुद्धा दिसली नसती. वैतागून मी कॅमेरा तिपाईवरून काढला आणि जमिनीवर, हद्दीच्या दगडाला टेकवून ठेवला.

वावरात बाया निंदत होत्या. ताईची पात आधीच निघाली होती. ती विळा धुऱ्यावर ठेवून आपल्या चपट्या दगडावर जाऊन उभी राहिली. सूर्याकडे पाठ, हात कंबरेवर, नजर समोर पडलेल्या आपल्या सावलीवर. ती सावली लांब होत होत ढेकळांवरून माझ्याकडे येत होती. बायांनी हात आवरते घेतले होते.

सावलीचं डोकं दगडाला लागलं आणि त्याच वेळी कॅमेऱ्यातली चमक गेली. सूर्य ताईच्या डोक्यामागे गेला होता. मागचा सगळा मोकळा भाग स्वच्छ दिसत होता आणि मधोमध, जिथे टेकडी असायची तिथे, ताई उभी होती. फ्रेममध्ये माणूस नको होता. हा फोटो इंजिनिअर परत पाठवणार, हे मला माहीत होतं. मी बटण दाबलं.

"झाला का रे फोटो?" ताईने विचारलं.

"झाला."

"मग चला वो," ती बायांना म्हणाली, "सुटी झाली."